खापराचे वय आणि खापराची किंमत

भंडारा जिल्ह्यात जुन्या भांड्यांचा विषय निघाला की तो बहुधा पितळेपाशी येऊन थांबतो, कारण या जिल्ह्याची ओळखच पितळी भांड्यांशी जोडलेली आहे आणि पितळ मोडीत निघाले तरी त्याला वजनावर भाव मिळतो. माती किंवा चिनी मातीच्या भांड्याला तसा भाव नसल्यामुळे नक्षीदार बशी, बरणी किंवा फुलदाणी मोडीच्या ढिगात शेवटी टाकली जाते. पवनी तालुक्यातील कोंढा आणि आसपासच्या गावांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष विचार करण्याजोगी आहे, कारण येथे जुन्या वाड्यातली विलायती बशी आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे रंगीत खापर या दोन्ही वस्तू एकाच माणसाच्या हाती लागू शकतात, आणि त्यांचे मोल ठरवण्याच्या रीती परस्परांहून पूर्णपणे भिन्न आहेत.

कोणत्याही नक्षीदार भांड्याची परीक्षा नक्षीपासून नव्हे, तर तळापासून सुरू होते. भांडे ज्या कड्यावर उभे राहते तो भाग बहुधा झिलईविना राहतो आणि तेथे मूळ मातीचा पोत उघडा दिसतो. हा पोत सच्छिद्र असून ओले बोट त्याला चिकटल्यासारखे वाटत असेल, तर भांडे कमी तापमानावर भाजलेले आहे. तो करडा, घट्ट व अपारदर्शक असेल तर ते साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे भाजलेले दगडी भांडे, म्हणजे लोणच्याच्या बरणीच्या जातीचे आहे. आणि दिव्यासमोर धरल्यावर पातळ कडेतून बोटांची सावली दिसत असेल, तर ते केओलिन या पांढऱ्या मातीपासून केलेले पोर्सिलेन किंवा हाडांची राख मिसळलेले बोन चायना असण्याची शक्यता मोठी आहे.

त्यानंतर नक्षीकडे वळावे. हाताने काढलेल्या रेषेत कुंचल्याचा दाब कमी-जास्त झालेला दिसतो, तर अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये रुळलेल्या छाप पद्धतीत तांब्याच्या कोरीव पत्र्यावरील चित्र पातळ कागदावर घेऊन भांड्यावर उतरवले जात असल्यामुळे भिंगाखाली बारीक ठिपके व रेघा दिसतात, आणि कागदाची दोन टोके जेथे जुळतात तेथे वेलबुट्टी किंचित तुटलेली आढळते. झिलईवरील बारीक तड्यांचे जाळे हा मात्र जुनेपणाचा पुरावा मानता येत नाही; झिलई आणि खालची माती थंड होताना सारख्या प्रमाणात आकसल्या नाहीत की नव्या भांड्यालाही तडे जातात, आणि चहाच्या पाण्यात बुडवून ते मुद्दाम तपकिरीही करता येतात. याउलट तळाच्या कड्यावरचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना गेलेले असतील तर ते वापराचे, आणि एकाच दिशेने गेलेले असतील तर ते सँडपेपरचे समजावेत.

तळावरील खुणा वाचण्यास सोप्या वाटतात, परंतु त्या फसव्याही असतात. इंग्लंडमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नक्षीच्या नोंदणीसाठी पत्त्यांतील चौकटच्या आकाराची खूण वापरली जात असे आणि १८८४ पासून तिच्या जागी क्रमांक आला. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव बंधनकारक केल्यावर ते नाव अनेक भांड्यांवर दिसू लागले. अशी खूण भांड्याची सर्वांत आधीची शक्य तारीख सांगते, प्रत्यक्ष तारीख नव्हे.

महाराष्ट्रात या दृष्टीने सर्वांत लक्षणीय ठरते ती मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयातील मृत्तिकाकला. १८५७ साली सुरू झालेल्या या संस्थेत जॉर्ज टेरी यांच्या प्रयत्नाने सिंधी धर्तीची झिलईदार भांडी घडू लागली, आणि जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थी १८७२ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करू लागल्यावर तेथील आकृत्या व वेलबुट्ट्या फुलदाण्यांवरही उतरल्या. ही भांडी जेमतेम दीडशे वर्षांची आहेत; तरीही ती संग्राहकांना हवीशी वाटतात, कारण त्यांची संख्या मर्यादित आहे, त्यांचे कर्तृत्व ज्ञात आहे आणि तुलनेसाठी संग्रहालयांत नमुने उपलब्ध आहेत. बाजारातील किंमत या तीन गोष्टींतून आणि भांड्याच्या स्थितीतून घडते, वयातून फारच थोडी. केसाएवढी चीर, बदललेले झाकण किंवा रंगवून लपवलेली डागडुजी किंमत मोठ्या प्रमाणात खाली आणते. डागडुजीत वापरलेले डिंक व रंग अतिनील दिव्याखाली मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकत असल्यामुळे ती पुष्कळदा पकडता येते. अशा जुन्या रंगीत भांड्यात लोणचे घालण्याचा मोह टाळावा, कारण आम्लामुळे झिलईतील शिसे अन्नात उतरू शकते.

पांढरीच्या टेकाडातून, म्हणजे जुन्या वस्तीच्या ढिगातून, वर येणाऱ्या खापराचा हिशेब वेगळा आहे. वैनगंगेकाठी वसलेल्या पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले, तेव्हा बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडात आले. विदर्भातील महापाषाणीय व त्यानंतरच्या वस्त्यांत तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रेषांची नक्षी असलेली, अभ्रकाच्या कणांमुळे चकाकणारी, तसेच आतून काळी आणि बाहेरून तांबडी अशी भांडी सापडतात. शेवटच्या प्रकारात भांडे पालथे घालून भाजल्यामुळे आतल्या भागाला प्राणवायू मिळत नाही, तो काळा राहतो आणि बाहेरच्या मातीतील लोह प्राणवायूशी संयोग पावून तांबडे होते, असे सामान्यतः मानले जाते.

अशा खापराचे वय मोजण्यासाठी तापदीप्ती ही पद्धत आहे. मातीतील क्वार्ट्झच्या स्फटिकांत आसपासच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे इलेक्ट्रॉन अडकत जातात, भट्टीतील उष्णतेने ते मोकळे होतात आणि भाजणीनंतर पुन्हा शून्यापासून साठू लागतात. प्रयोगशाळेत नमुना तापवला की हा साठा प्रकाशरूपाने बाहेर पडतो. एकूण साठ्याला दरवर्षीच्या किरणोत्साराने भागले की वय मिळते, परंतु हा वार्षिक आकडा खापराभोवतीच्या मातीतूनही येत असल्यामुळे, ती माती ज्ञात नसेल तर भांडे जुने की बनावट एवढाच ढोबळ निवाडा होतो. म्हणूनच टेकाडातून उपसून विकलेल्या खापराची संगती एकदा तुटली की महागडे यंत्रही ती परत जोडू शकत नाही, आणि फुटक्या ठिकरीला बाजारात गिऱ्हाईक नसल्याने विकणाऱ्याच्या हातीही फारसे काही पडत नाही.

कायदाही या दोन वस्तूंत भेद करतो. १८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. वारशाने आलेली बशी बाळगण्यास अशी आडकाठी नाही, मात्र ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाची वस्तू शंभर वर्षांची झाली की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, आणि मग ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.