निवारा केंद्रातली वही

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आणि कृष्णा पात्राबाहेर पडल्या आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या शाळा, मंगल कार्यालयं बघता बघता माणसांनी भरली. अशा ठिकाणी आरोग्य पथक येतं, टेबल मांडतं, गोळ्यांचे खोके उघडतं. रांग लागते आणि सगळ्यांना हायसं वाटतं. खरं दुखणं मात्र अजून रांगेत आलेलं नसतं. ते पाण्याच्या पिंपात आणि संडासाच्या दाराशी दबा धरून असतं.

दवाखान्यात मुरलेल्या माणसाला हे मुद्दाम शिकवावं लागतं. डॉक्टर असोत, सिस्टर असोत की आशाताई, समोरचा रुग्ण बघायची सवय अंगवळणी पडलेली असते. निवारा केंद्रात आधी मोजावं लागतं. माणसं किती, दिवस भरत आलेल्या बायका किती, इन्सुलिनवर कोण, क्षयाच्या गोळ्या पुरात कोणाच्या वाहून गेल्या. मदतकार्यासाठी जगभर मानले जाणारे 'स्फिअर' निकष माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि मुक्काम लांबला तर २० माणसांमागे एक संडास सांगतात. म्हणजे ५०० माणसांना २५. कुठल्या शाळेत असतात एवढे? पण आकडा हाती असला की तहसीलदारांपुढे फिरत्या शौचालयांची मागणी ठामपणे मांडता येते. नुसतं 'फार घाण झालीय' म्हटलं तर मान डोलावून विषय संपतो.

संडासाला दिवा आणि कडी नसेल तर बायका पाणी पिणंच कमी करतात. मग लघवीची जळजळ घेऊन टेबलाशी येतात. औषध द्यायचंच, पण बल्बही लावून घ्यायचा. हेही आरोग्य सेवेतच मोडतं.

पाण्याचं तसंच. टँकरच्या नळाशी क्लोरीनची ओटी टेस्ट केली, पिवळसर रंग आला, वहीत बरोबरची खूण झाली. पुढे तेच पाणी उघड्या पिंपात पडून राहतं, त्यात हात बुडतात आणि क्लोरीन संपतो. म्हणून चाचणी पिणाऱ्याच्या तांब्यापाशी करायची. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा.

सगळ्यात कंटाळवाणी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे संध्याकाळची वही. जुलाब, ताप, पुरळ, कावीळ: आज नवे किती? आरोग्यसेविकेला हे नवं नाही, उपकेंद्रात ती लक्षणांवरून 'एस फॉर्म' भरतेच. तो पूर्वी आठवड्याचा असायचा, पण निवारा केंद्रात आठवडा म्हणजे फार उशीर. काल जुलाबाचे दोन, आज सात, तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न बघता हालचाल सुरू करायची. २००५ मध्ये कतरिना वादळातून ह्यूस्टनला आणलेल्या लोकांच्या छावणीत उलट्या-जुलाबाची साथ पसरली आणि हजाराहून अधिक माणसांवर उपचार करावे लागले. कारण निघालं नोरोव्हायरस. त्याच्यापुढे सॅनिटायझरची बाटली फारशी चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, चाल वेगळी. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी येतो. केरळात २०१८ च्या पुरानंतर लोक घरं धुवायला परतले, तेव्हा हा ताप वाढला. चिखलात उतरणाऱ्यांना तिथे आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देत होते. गरोदर बायका आणि लहान मुलांना ते चालत नाही, त्यांचं डॉक्टरांनी वेगळं ठरवायचं. हा ताप येईपर्यंत इथली शाळा धुऊन पुसून भरलेलीही असते. म्हणून वहीत शेवटचा रकाना हवा: हा माणूस कुठल्या गावी परतला, आणि ते गाव कुठल्या उपकेंद्राखाली येतं.