हिंगणघाट : नाव धाग्याने कमावले, वजनाने गमावले



हिंगणघाटला आपण कशाला जातो? बाजाराला, तहसिलीच्या कामाला, नाहीतर रेल्वेगाडी धरायला. पण याच गावाच्या नावाने एके काळी पार विलायतेच्या बाजारात कापूस विकला जायचा, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

वर्धा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, वणा नदीच्या काठी हे तालुक्याचे गाव. वणा पुढे जाऊन वर्धा नदीला मिळते. शिवार काळ्या मातीचे, ओल धरून ठेवणारे. म्हणून कोरडवाहू कापूस आणि तूर इथे पिढ्यान् पिढ्या पिकत आली. नागपूर-हैदराबाद वाट पूर्वीपासून इथूनच. त्याच वाटेवर विल्यम लॅम्टन या इंग्रजाचा २० जानेवारी १८२३ रोजी इथे मृत्यू झाला. हिंदुस्थानची जमीन त्रिकोण मांडून मोजायचे काम त्याने १८०२ साली मद्रासेजवळ सुरू केले होते. त्याची कबर हिंगणघाटातच आहे. पुढे ते काम ज्या एव्हरेस्टने चालवले, त्याचे नाव जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळाले.

पण गावाचे खरे नाव झाले ते कापसाने. इथल्या देशी कापसाला ‘बनी’ म्हणत. धागा लांब, मऊ आणि बारीक सुताला चांगला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि विलायतेच्या गिरण्या इकडे वळल्या. १८६७ साली नागपूरपर्यंत रेल्वे आली. पुढे वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून फाटा निघाला, तो हिंगणघाटवरून गेला. लिव्हरपूलच्या बाजारात ‘हिंगणघाट’ ही कापसाची एक जातच ठरली. या बियाण्याची ख्याती एवढी, की ते खानदेशातही नेऊन पेरले गेले. गावात कापडगिरण्या उभ्या राहिल्या.

मग बिघडले कुठे? बनीला रुई कमी पडायची. आखूड आणि जाड धाग्याच्या वाणाला रुईचा उतारा जास्त. चांगल्या धाग्याचा चढा भाव मिळे, पण त्याने वजनातली तूट भरून निघत नव्हती. शेतकऱ्याने हिशेब केला अन् जास्त रुईचे वाण पेरले. त्याला दोष तरी कसा द्यावा? वरून सरकी एकात एक मिसळली, हलका माल चांगल्यात घातला गेला. गठाणीवर नाव तेच, पण आत कापूस दुसराच! गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला. भेसळ रोखायला सरकारने १९२३ साली कापूस वाहतुकीचा कायदा केला, पण तोवर बनी मागे पडली होती.

बंधूंनो, कापसाची ही गोष्ट उसाच्या पत्रकात का सांगावी? कारण हिशेब तोच आहे. आपल्या उसाचा दर कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर बसतो, पण गाडी मोजली जाते वजनावर. एकाने कोवळा ऊस, वाढे अन् पाचट भरून पाठवले, की त्याची दोन क्विंटलं वाढतात आणि उतारा सगळ्यांचाच खाली येतो. तोडलेला ऊस बांधावर दोन-तीन दिवस वाळत पडला, तरी तेच. काटा एकट्याचा, उतारा सगळ्यांचा.

बनीला जपणारा शेतकरी एकटा पडला होता, बाजार त्याच्या हातात नव्हता. आपला कारखाना आपलाच आहे, सभेत बोलायला आपल्याला जागा आहे. ऊस पक्व झाल्यावर तोडू, साफ करून भरू, ताजा पाठवू. अन् चांगल्या उसाला चांगला मोबदला कसा द्यायचा, हेही सभेत ठरवू.

पुढच्या खेपेला वणेचा पूल ओलांडाल, तेव्हा एवढे आठवा : नाव कमवायला पिढ्या लागतात, घालवायला थोडे हंगाम पुरतात.