आयर्विनला किती?

पुण्यात, मुंबईत, अगदी सातासमुद्रापार राहणारा सांगलीकर जुलै-ऑगस्टमध्ये घरी फोन लावतो, तेव्हा तब्येतपाण्याच्याही आधी विचारतो, ‘‘आयर्विनला किती?’’ पलीकडून आकडा येतो. ‘‘सकाळी बत्तीस होतं, आता चौतीस.’’ फूट हा शब्द कुणी उच्चारत नाही. तिशी ओलांडली की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता इकडची माणसं सामान वरच्या फळीवर चढवू लागतात. चाळीस ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी. शाळकरी पोरालाही हे आकडे पाढ्यांसारखे पाठ असतात.

आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल. पूल तसे गावोगावी आहेत. पण अख्खं शहर पुलाच्या खांबावरच्या खुणांनी आपला दिवस ठरवतं, असं गाव माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

दगडातला, कमानींवर उभा असलेला हा पूल १९२९ साली खुला झाला. सांगली संस्थानचे अधिपती तेव्हा दुसरे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन होते. उद्‍घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन आले, म्हणून ते नाव. त्याआधी पलीकडच्या सांगलवाडीला जायचं तर नावेत बसावं लागे, आणि पावसाळ्यात नदी फुगली की तेही बंद. १९१४ च्या महापुराच्या गोष्टी माझ्या लहानपणी म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी होत्या. त्यांनीही त्या त्यांच्या वडीलधाऱ्यांकडूनच ऐकलेल्या, पण सांगताना मात्र स्वतः पोहून आल्यासारख्या सांगत.

आम्ही गावभागात वाढलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पहाटे घाटावर जायचं, पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि माई घाटाच्या पायऱ्यांवरून कुणीतरी मोठ्याने ढकलून द्यायचं, हीच आमची पोहण्याची शिकवणी. भोपळा सुटला की पोरगं मोठं झालं असं मानत. मग पुढची इयत्ता म्हणजे पूल. पाणी चढलं की पट्टीचे पोहणारे कठड्यावर उभे राहत. कुणी सूर मारी, कुणी मुटका, आणि मग प्रवाह नेईल तसं तिरकं कापत खालच्या अंगाला निघत. समोरासमोर कुणी पोहत नसे. पुराच्या पाण्याशी भांडायचं नाही, त्याच्या कलाने काठ गाठायचा, हे आम्ही त्यांना बघून शिकलो. कठड्यावर ही गर्दी! भाजकी कणसं, रेनकोट, सायकली, आणि ‘‘काय वो, वाढतंय का उतरतंय?’’ असं अनोळखी माणसालाही सहज विचारणं.

आमचे आबा मात्र पुलावर पूर बघायला म्हणून कधी गेले नाहीत. ते गणपती पेठेत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. त्यांच्या लेखी नदीचा आकडा म्हणजे पेवांचा आकडा. हरिपूर आणि सांगलवाडीच्या जमिनीत हळद साठवायची पेवं असत. तोंड अरुंद, पोट रुंद, माणूस आत उतरून उभा राहील एवढं खोल. तिथली माती अशी, की हळद आत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं राहिली तरी तिला कीड लागत नसे आणि रंग टिकून राही. जगात नाव झालेल्या सांगलीच्या हळद-बाजाराचा मोठा आधार ही जमिनीखालची कोठारं होती. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेने जीव जातो, हे आबांनी आम्हाला दरडावून सांगितलेलं. रोज संध्याकाळी दुकान बंद करून ते पुलाकडून वळसा घालून येत. खांबाकडे एक नजर टाकत, आणि घरी आल्यावर चहा घेता घेता आईला तेवढा आकडा सांगत. दुसरं काही नाही. २००५ च्या पुरात पाणी कित्येक पेवांत शिरलं, ढासळलेली बरीच पेवं पुन्हा उभी राहिली नाहीत, आणि हळदीने शीतगृहं आणि गोदामं जवळ केली. आबा तोवर गेले होते. मला आजही वाटतं की त्या पुराने सांगलीचं जे नेलं, त्यात ही पेवं फार मोठी होती, आणि त्यांच्याविषयी आपण पुरेसं लिहून ठेवलं नाही.

सांगलीला पाणी इतकं का चढतं, हे समजायला नकाशा बघावा लागतो. महाबळेश्वरच्या डोंगरात उगवलेल्या कृष्णेला कऱ्हाडला कोयना मिळते. म्हणजे कोयना धरणातून सोडलेलं पाणी सांगलीवरूनच जायचं. सांगलीच्या अंगालाच, हरिपूरला, वारणा येऊन मिळते. आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. या दोघी भरून वाहत असल्या की कृष्णेला पुढे सरकायला जागा उरत नाही, ती मागे तुंबते. त्यात इथलं पात्र सपाट आणि वळणावळणाचं. म्हणून सांगलीचा पूर डोंगरी नदीसारखा अंगावर कोसळत नाही. तो इंचाइंचाने चढतो आणि उतरायचं नाव घेत नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याबद्दल तर इथे प्रत्येकाचं ठाम मत असतं. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोषी धरलं नाही, अतिवृष्टीवर आणि नदीच्या वाटेतल्या अडथळ्यांवर बोट ठेवलं. तरी चहाच्या टपरीवर हा वाद मिटलेला नाही.

२००५ मध्ये आयर्विनचा आकडा चोपन्नच्या जवळ गेला, तेव्हा यापुढे काही असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. ऑगस्ट २०१९ मध्ये तो सत्तावन्नच्या वर गेला. हरभट रोड, मारुती चौक, टिळक चौक पाण्यात होते, रस्त्यावरून होड्या चालल्या. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटली, ती बातमी आली त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पंचावन्नच्या आसपास. पाणी ओसरल्यावर दुकानादुकानांतून चिखल उपसला जात होता, भिजलेल्या वह्या आणि कापडाची ठाणी रस्त्यावर ढीग करून टाकलेली. तो वास ज्याने घेतला, त्याला महापूर समजवावा लागत नाही.

जुना पूल या सगळ्यातून उभा राहिला. आता शेजारी समांतर पूल आला आहे, त्यामुळे त्याच्यावरचा भार हलका होईल. पण काही दुखणी पूर नसतानाही आहेत. शहराचं सांडपाणी घेऊन येणारा शेरीनाला वर्षानुवर्षं कृष्णेत मिसळत आला. उन्हाळ्यात मासे मरून तरंगतात. पोरांना भोपळा बांधून पाण्यात सोडावं असं पाणी आता राहिलं नाही, आणि मगरींची भीती वेगळीच. संस्थानच्या गणपतीचं पाचव्या दिवशी सरकारी घाटावर विसर्जन होतं, तेव्हा काठ पूर्वीसारखा भरतो, एवढाच दिलासा.

पातळी हल्ली तासातासाला मोबाइलवर येते. तरीही माणसं पुलावर येतात. आणखी एक बदल मी गेली काही वर्षं बघतो आहे. सांगलीत घर घ्यायला किंवा भाड्याने बघायला आलेला माणूस पाण्याचा नळ, पार्किंग यांच्या आधी विचारतो, ‘‘सत्तावन्नला इथं किती होतं?’’ मालक उंबऱ्याला, खिडकीला, कधी पहिल्या मजल्याच्या जिन्याला हात लावून दाखवतो. कधी विषय बदलतो. पूररेषेच्या आतले प्लॉट अजूनही विकले जातात आणि हातावर पोट असलेलं कुटुंब तिथेच आयुष्याची पुंजी घालतं. माझी मागणी साधी आहे. सांगलीत होणाऱ्या प्रत्येक खरेदीखतावर त्या जागेला पाणी आयर्विनच्या कितव्या फुटाला लागतं, तो आकडा छापला जावा, आणि तोच आकडा रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर, लांबून वाचता येईल एवढ्या ठळक अक्षरांत रंगवला जावा.