स्त्रियांमधील मूत्रमार्गाचा कर्करोग

स्त्रियांमधील मूत्रमार्गाचा कर्करोग हा मूत्राशयातील मूत्र शरीराबाहेर नेणाऱ्या नलिकेत उद्भवणारा दुर्मीळ कर्करोग आहे. मूत्रसंस्था व जननेंद्रियांच्या एकूण कर्करोगांत मूत्रमार्गाच्या कर्करोगाचे प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंमी. लांब असतो. त्याच्या अस्तरातील किंवा लगतच्या ग्रंथींतील पेशींपासून हा रोग सुरू होतो.

लक्षणे व निदान

मूत्रातून रक्त जाणे, जळजळ, मूत्र अडणे आणि मूत्रद्वाराशी गाठ जाणवणे ही प्रमुख लक्षणे होत. यांपैकी काही जंतुसंसर्गातही आढळतात; शिवाय मूत्रद्वारावरील कॅरंकल ही निरुपद्रवी मांसल वाढही कर्करोगासारखी दिसू शकते. त्यामुळे निदानास विलंब होण्याचा संभव असतो. दुर्बिणीद्वारे मूत्रमार्ग व मूत्राशय तपासले जातात. मात्र निश्चित निदान बायोप्सीनेच होते. रोगाचा प्रसार एमआरआय व सीटी स्कॅनद्वारे पाहतात.

उपचार

उपचार गाठीचे स्थान व प्रसार यांवर अवलंबून असतात. मूत्रद्वाराजवळील लहान गाठ मूत्रमार्गाचा थोडा भाग काढून किंवा किरणोपचाराने बरी करता येते व मूत्रनियंत्रण बहुधा टिकते. मूत्राशयाजवळील किंवा खोलवर पसरलेल्या रोगात रसायनोपचार, किरणोपचार व शस्त्रक्रिया यांचा एकत्रित वापर करतात. अशा शस्त्रक्रियेत काही वेळा मूत्राशयही काढावे लागते. मग मूत्रासाठी आतड्याच्या भागापासून नवा मार्ग तयार केला जातो. म्हणूनच लवकर निदान झाल्यास रोग बरा होण्याची व अवयव वाचण्याची शक्यता वाढते.