आखणी चिखल्याच्या टोकापासून व्हावी

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातले चिखला हे मँगनीजच्या भूमिगत खाणीचे गाव. खाण ‘मॉइल’ची. या कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे आणि खाणी दोन राज्यांत विखुरलेल्या: मध्य प्रदेशात बालाघाट, उकवा, तिरोडी, महाराष्ट्रात चिखला, डोंगरी बुजुर्ग, मनसर, कांद्री, गुमगाव. कार्यालये अशी दूरदूर असली की प्रत्येक ठिकाणचा ईपीएबीएक्स, म्हणजे कार्यालयातले अंतर्गत फोन-एक्स्चेंज, इंटरनेटवरून एकमेकांशी जोडावा, नागपूरच्या टेबलावरून तीन-चार आकडे दाबले की खाणीवरच्या टाइम ऑफिसात घंटी वाजावी, ही कल्पना सहज सुचते. त्यासाठी लागणारी साधनेही नवी नाहीत. पण अशी जोडणी बहुधा मुख्यालयातून आखली जाते. तिथे वीज आहे, फायबर आहे, हाकेच्या अंतरावर तंत्रज्ञ आहे. माझे म्हणणे असे की आखणी उलट दिशेने, चिखल्यासारख्या टोकाच्या ठिकाणापासून सुरू झाली पाहिजे. कारण दोन टोकांच्या संभाषणाचा दर्जा दुबळे टोक ठरवते.

आधी आवाज तारेतून जातो कसा ते पाहू. बोलणे साधारण 20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते, म्हणजे सेकंदाला 50 पाकिटे. जी.711 या नेहमीच्या पद्धतीत एका पाकिटात आवाजाचे 160 बाइट असतात आणि त्यावर पत्त्याचे आणखी 40. हिशेब केला तर एका कॉलला एका दिशेने 80 किलोबिट लागतात. जी.729 पद्धत आवाज दाबून 20 बाइटांत बसवते. तिथे पत्ताच आवाजाच्या दुप्पट होतो, तरी कॉल 24 किलोबिटांत भागतो. म्हणजे दहा कॉल एकाच वेळी चालू असले तरी एक मेगाबिटही लागत नाही. अंतराचाही बाऊ नको. फायबरमधून शंभर किलोमीटर जायला प्रकाशाला अर्धा मिलिसेकंद लागतो आणि बोलणाऱ्यांना खटकू नये यासाठी एका दिशेची मर्यादा धरली जाते 150 मिलिसेकंद. मग आवाज तुटतो का? कारण त्याच लाइनवरून कुणीतरी नकाशांची जड फाइल चढवत असते. 512 किलोबिटांच्या लाइनवर 1500 बाइटांचे एकच पाकीट पुढे सरकायला 23 मिलिसेकंद खाते आणि मागे आवाजाची पाकिटे खोळंबतात. म्हणून राउटरमध्ये आवाजाला अग्रक्रम द्यावा लागतो, आणि तो अपलोडच्या बाजूला, खाणीच्या टोकाला दिलेला नसेल तर नागपूरचे महागडे यंत्र काही करू शकत नाही.

विजेचा प्रश्न त्याहून मोठा आहे. जुन्या तांब्याच्या लाइनवरच्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीतूनच 48 व्होल्टचा पुरवठा मिळे. गावात अंधार असला तरी फोन चालू. इंटरनेटवरच्या फोनला मात्र स्वतःला, स्विचला, राउटरला आणि फायबरच्या डब्यालाही स्थानिक वीज लागते. यातला एक दुवा यूपीएसवर नसला की बाकीचे तीन निरुपयोगी. त्यात पावसाळ्यातल्या विजा. अर्थिंग आणि सर्ज-रोधक यांवर काटकसर केलेली यंत्रणा अशा ठिकाणी टिकणार नाही. भारताला हा धडा नवा नाही. 1984 साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने 128 लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले ते वातानुकूलनाशिवाय, उष्मा आणि धूळ गृहीत धरून. 1986 साली ते कर्नाटकातल्या कित्तूरला बसले आणि पुढे देशभर पसरले, कारण आखणीच्या मुळाशी गावच होते.

प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप रास्त आहे. कॉलचे पैसे वाचवणे हा हेतू असेल तर 2016 नंतर कॉल स्वस्त झाल्याने तो जवळजवळ उरलेलाच नाही, हे मान्य करून टाकावे. पण मोबाइल माणसाचा असतो, टेबलावरचा फोन जबाबदारीचा. पाळी बदलली, बदली झाली, तरी वजनकाट्याचा किंवा दवाखान्याचा नंबर तोच राहतो. शिवाय जमिनीखाली मोबाइलची रेंज पोचत नाही.

दुसरा सल्ला असा मिळतो की सगळे एक्स्चेंज एका ठिकाणी, क्लाउडवर ठेवा आणि खाणीवर नुसते फोन द्या. देखभाल सोपी होते, हे खरे. पण मग फायबर तुटले की शेजारच्या खोलीतला फोनही मुका. खाणीवर हे परवडणारे नाही. तिथे छोटे का होईना, स्वतंत्र एक्स्चेंज हवे आणि एक साधी स्थानिक लाइन हवी. 112 हा नंबर त्याच लाइनवरून बाहेर गेला पाहिजे. नागपूरच्या लाइनवरून गेला तर मदत मागणाऱ्याचा पत्ता नागपूरचा दिसण्याचा धोका आहे. भूमिगत भागातला फोन तर इंटरनेटवर अवलंबून ठेवूच नये. त्याची स्वतंत्र तार जुनाट दिसली तरी ती काढू नये.

कायद्याची भीतीही दाखवली जाते. स्वतःच्या कार्यालयांनी आपसांत बोलणे वेगळे आणि परवाना नसताना बाहेरचे कॉल इंटरनेटवरून आणून सार्वजनिक जाळ्यात सोडणे वेगळे. 2017 मध्ये लातूर जिल्ह्यात एटीएसने पकडलेली बेकायदा एक्स्चेंजेस या दुसऱ्या प्रकारची होती. ही सीमा सांभाळायची तर बाहेरच्या जोडण्या परवानाधारक कंपनीकडूनच घ्याव्यात.

तेव्हा निविदा काढणाऱ्यांना विनंती एवढीच: दरपत्रके मागवण्याआधी टोकाच्या ठिकाणी, ऐन जुलै-ऑगस्टमध्ये, दोन आठवडे लाइनची मोजणी घ्या. किती पाकिटे गळाली, वीज किती वेळा आणि किती वेळ गेली, हे लिहून ठेवा आणि तीच वही निविदेला जोडा.