बेस पक्का करा, बॉस!

गाणं ऐकताना बेस गिटारकडे कोण लक्ष देतं? खरं सांगा! आपण गायकाला ऐकतो, फार तर ड्रमवर पाय हलवतो. पण मिक्समधला बेस म्यूट करून बघा. गाण्याच्या पायाखालची जमीनच जाते. घरी रेकॉर्डिंग करणारे वीकेंड रॉकस्टार्स सगळ्यात जास्त वैतागतात तेही याच वाद्यापाशी. हेडफोनवर झकास वाटलेला बेस गाडीत नुसता घुमतो आणि मोबाइलवर चक्क गायब!

मग सुरू होते खरेदी. नवं प्लग-इन, नवा प्रीअँप, पुढच्या पगाराला नवी गिटारच. जरा थांबा, आधी डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसनला भेटा.

१९६० च्या दशकात मोटाउन कंपनीच्या असंख्य हिट गाण्यांमागे याचा बेस होता. रेकॉर्डवर मात्र वादकांची नावंच छापत नसत. १९७१ मध्ये मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर जेमरसनचं नाव झळकलं, तोवर त्याचा बेस जगभर वाजून झाला होता!

त्याचा सेटअप ऐकाल तर हसाल. १९६२ ची फेंडर प्रिसिजन, जाड फ्लॅटवाउंड तारा, त्याही तुटल्याशिवाय न बदललेल्या. ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा. उजव्या हाताचं एकच बोट, तर्जनी. आणि गिटार डायरेक्ट बॉक्समधून थेट कन्सोलला. बस्स.

गंमत त्या फोममध्ये आहे. तो तारेला फार वेळ घुमू देत नाही. 'धप्' झालं की सूर मिटतो आणि पुढच्या सुराला, शिवाय किक ड्रमला, जागा मिळते. म्हणूनच जेमरसन इतके सूर पेरायचा, तरी चिखल होत नसे. जुन्या तारांना चकाकी नसते, त्यामुळे वरची जागा गायकाला मोकळी. पॉपमध्ये बेसचा सूर सुरू कसा होतो याइतकंच तो कधी थांबतो हेही महत्त्वाचं, आणि हे काम प्लग-इनपेक्षा बोटं फार छान करतात.

तर घरी काय कराल? भांडी घासायच्या नव्या स्पंजची एक पट्टी कापा, ब्रिजजवळ तारांखाली सरकवा. गिटार ऑडिओ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावा (माइक इनपुटला नव्हे!). प्रत्येक टेकआधी ट्यूनिंग तपासा. कॉम्प्रेसर ४:१ वर ठेवून चार-पाच डेसिबल दाबला की पुरे. त्याहून जास्त लागत असेल तर हात एकसारखा चालत नाहीये, पुन्हा वाजवा.

आता मोबाइलचा घोळ. बेसच्या सगळ्यात खालच्या ई तारेचा सूर साधारण ४१ हर्ट्झचा. चिमुकल्या स्पीकरला तो झेपतच नाही. पण वरचे उपस्वर ऐकू आले तर कान खालचा सूर मनानेच भरून काढतो! म्हणून बेस ट्रॅकची एक कॉपी करा, तिला थोडं डिस्टॉर्शन द्या, तिचा खालचा भाग कापा आणि मूळ ट्रॅकखाली अगदी हळू मिसळा. एकटी ऐकाल तर भयानक वाटेल. घाबरू नका, सोलो बटण बंद करा आणि गायकासोबत ऐका.

अर्थात रॉकचा खणखणीत बेस हवा असेल तर हा फॉर्म्युला विसरा. तिथे नव्या राउंडवाउंड तारा आणि पिक. स्पंज परत बेसिनवर!