उदरांतर्गत दाबवाढ आणि द्रव व्यवस्थापन

उदरांतर्गत दाब वाढलेल्या रुग्णांमधील द्रव व्यवस्थापन हा अतिदक्षता उपचारांतील एक महत्त्वाचा आणि नाजूक विषय आहे. उदरपोकळीतील दाब वाढला की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो आणि लघवीचे प्रमाण उतरते. ही लक्षणे शरीरात पाणी कमी पडल्यासारखी दिसतात, त्यामुळे रुग्णाला शिरेतून आणखी द्रव दिला जाण्याचा संभव असतो. या द्रवाचा बराचसा भाग रक्तवाहिन्यांतून झिरपून आतड्यांच्या भित्तीत व उदरपोकळीत साठतो आणि दाब अधिकच वाढतो. म्हणजेच ज्या द्रवामुळे सुरुवातीच्या तासांत प्राण वाचतात, तोच द्रव मर्यादेपलीकडे गेल्यास अपायकारक ठरतो. द्रव केव्हा, कोणता आणि किती द्यावा, तसेच तो केव्हा थांबवावा व शरीराबाहेर काढावा, यासंबंधीचे निर्णय या विषयात येतात.

व्याख्या आणि श्रेणी

उदरपोकळी ही एका बाजूने छाती व पोट यांमधील पडदा, खालून कटिप्रदेशाची हाडे आणि भोवताली स्नायूंची भिंत यांनी वेढलेली बंदिस्त जागा आहे. ही भिंत काही प्रमाणात ताणली जाते. मात्र ताणाची मर्यादा संपल्यावर आत थोडी भर पडली तरी दाब झपाट्याने वाढतो.

अत्यवस्थ प्रौढ रुग्णांत उदरांतर्गत दाब साधारणपणे ५ ते ७ मिमी पारा इतका असतो. तो सातत्याने किंवा वारंवार १२ मिमी पारा किंवा त्याहून अधिक आढळल्यास त्यास उदरांतर्गत दाबवाढ म्हणतात. तिच्या चार श्रेणी मानल्या जातात :

पहिली श्रेणी : १२ ते १५ मिमी पारा
दुसरी श्रेणी : १६ ते २० मिमी पारा
तिसरी श्रेणी : २१ ते २५ मिमी पारा
चौथी श्रेणी : २५ मिमी पाऱ्याहून अधिक

दाब सातत्याने २० मिमी पाऱ्याच्या वर राहून एखाद्या अवयवाचे कार्य नव्याने बिघडले, तर त्या अवस्थेस ॲब्डॉमिनल कंपार्टमेंट सिंड्रोम असे म्हणतात. ही अवस्था प्राणघातक ठरू शकते.

सरासरी रक्तदाबातून उदरांतर्गत दाब वजा केला असता उदरातील अवयवांना रक्त पुरवणाऱ्या दाबाचा अंदाज येतो. उदाहरणार्थ, सरासरी रक्तदाब ७० आणि उदरांतर्गत दाब २२ असल्यास हा पुरवठा दाब केवळ ४८ मिमी पारा उरतो. रक्तदाबाचा आकडा समाधानकारक दिसत असतानाही मूत्रपिंडे व आतडी उपाशी राहू शकतात, हे या वजाबाकीवरून स्पष्ट होते.

मापन

पोटाला हात लावून किंवा पोटाचा घेर मोजून उदरांतर्गत दाबाचा विश्वसनीय अंदाज येत नाही. त्याचे प्रचलित मापन मूत्राशयामार्फत केले जाते. लघवीसाठी घातलेल्या नळीतून जास्तीत जास्त २५ मिलिलिटर निर्जंतुक सलाइन मूत्राशयात सोडतात आणि नळीला जोडलेल्या दाबमापकावर आकडा वाचतात. रुग्ण पाठीवर सपाट झोपलेला असावा, पोटाचे स्नायू आकुंचित नसावेत, मापकाचा शून्यबिंदू कमरेच्या हाडाच्या पातळीवर कुशीच्या मध्यरेषेवर धरावा आणि उच्छ्वासाच्या अखेरीस वाचन घ्यावे, असे संकेत आहेत. एकाच वाचनापेक्षा दर काही तासांनी घेतलेल्या वाचनांचा कल अधिक महत्त्वाचा मानतात.

इतिहास

उदरातील दाब आणि इतर अवयवांचे कार्य यांच्या संबंधाची नोंद एकोणिसाव्या शतकापासून आढळते. १८७६ मध्ये वेंट यांनी हा दाब वाढल्यास लघवी कमी होते असे निरीक्षण नोंदविले. १९११ मध्ये हेवन इमर्सन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून वाढलेल्या दाबाचा हृदयावर होणारा परिणाम दाखविला. १९८४ मध्ये क्रॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्राशयामार्फत दाब मोजण्याची पद्धत आणि तिच्या आधारे पोट पुन्हा उघडण्याचा निर्णय यांचे वर्णन केले. १९८९ मध्ये फिएटसाम व सहकाऱ्यांनी महाधमनीचा फुगा फुटल्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. या रुग्णांना २५ लिटरांहून अधिक द्रव देण्यात आला होता. या विकाराचा आणि द्रवाच्या अतिवापराचा संबंध तेव्हापासून वैद्यकीय वाङ्मयात आहे. २००४ मध्ये या विषयासाठी एक जागतिक संस्था स्थापन झाली. तिने ठरविलेल्या व्याख्या व मार्गदर्शक सूचना २०१३ मध्ये सुधारित स्वरूपात प्रसिद्ध झाल्या.

द्रवाचे दुष्टचक्र

गंभीर जंतुसंसर्ग, मोठी दुखापत, विस्तृत भाजणे किंवा तीव्र स्वादुपिंडदाह यांमध्ये केशवाहिन्यांच्या भित्ती सच्छिद्र होतात. रक्तातील पाणी व प्रथिने ऊतींमध्ये झिरपतात, रक्तवाहिन्यांतील द्रव कमी होतो आणि रक्तदाब उतरतो. या वेळी द्रव देणे अत्यावश्यक असते. परंतु गळती चालू असताना दिलेला द्रव रक्तवाहिन्यांत टिकत नाही. आतडी व त्यांभोवतीच्या ऊती सुजतात, उदरपोकळीत पाणी साठते आणि दाब वाढतो. वाढलेल्या दाबाने आतड्यांतून रक्त परत नेणाऱ्या नीला दबतात, त्यामुळे सूज आणखी वाढते. मूत्रपिंडांच्या नीलाही दबल्याने लघवी कमी होते. कमी लघवी हे पाण्याच्या कमतरतेचे चिन्ह समजून पुन्हा द्रव दिल्यास हे चक्र अधिक वेगाने फिरू लागते. अधिक द्रव दिल्यावर रक्तदाब थोडा वेळ सुधारतो, ही सुधारणाही फसवी ठरू शकते.

२००३ मध्ये बॅलॉग व सहकाऱ्यांनी गंभीर दुखापतीच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणवायूचा पुरवठा नेहमीपेक्षा अधिक राखण्याच्या उद्दिष्टाने भरपूर द्रव दिलेल्या रुग्णांत हा विकार अधिक प्रमाणात झाल्याचे त्यात आढळले.

फसवी मोजमापे

द्रवाची गरज ठरविण्याची काही नेहमीची साधने या रुग्णांत चुकीचा अंदाज देतात.

केंद्रीय नीलेतील दाब : उदराचा दाब पडद्यामार्फत छातीत पोहोचतो, त्यामुळे हा आकडा खोटा वाढलेला दिसतो. ढोबळ मानाने उदरांतर्गत दाबाचा निम्मा भाग त्यातून वजा करतात. वाचन १६ आणि उदरांतर्गत दाब २० असल्यास दुरुस्त आकडा ६ येतो.

पाय उचलण्याची चाचणी : पाय वर केल्यावर पायांतील रक्त हृदयाकडे जाते आणि रुग्णाला द्रवाचा उपयोग होईल का, हे कळते. उदरात दाब जास्त असल्यास हे रक्त वर पुरेसे पोहोचत नाही. त्यामुळे द्रवाची गरज असूनही चाचणी नकारार्थी येऊ शकते.

लघवीचे प्रमाण : वर सांगितल्याप्रमाणे लघवी कमी होण्याचे कारण द्रवाची कमतरता नसून दाब हेही असू शकते. म्हणून केवळ लघवीच्या आकड्यावरून द्रव वाढवणे धोक्याचे असते.

या कारणांमुळे हृदयाची सोनोग्राफी, रक्तातील लॅक्टेटचे प्रमाण आणि उदरांतर्गत दाब यांचा एकत्रित विचार केला जातो.

उपचारांचे टप्पे

द्रव उपचारांचे चार टप्पे मानण्याची पद्धत आहे. पहिल्या टप्प्यात प्राण वाचवण्यासाठी जलद द्रव देतात. दुसऱ्यात प्रत्येक वेळी गरज तपासून मोजकाच द्रव देतात. तिसऱ्यात रुग्ण स्थिर झाल्यावर केवळ दैनंदिन गरज भागवतात. चौथ्यात साठलेला जादा द्रव शरीराबाहेर काढतात. तातडीचे उपचार पूर्ण होऊन मूळ कारणावर इलाज झाल्यानंतर द्रवाची एकूण शिल्लक वाढती राहू नये, अशी सूचना २०१३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

मराठी बोलीत शिरेतून दिल्या जाणाऱ्या बहुतेक सर्वच द्रवांना सरसकट सलाइन म्हणतात आणि सलाइन चालू असणे म्हणजे उपचार चालू असणे, अशी समजूत असते. पहिल्या टप्प्यानंतर सलाइन कमी करणे किंवा बंद करणे हाही उपचाराचाच भाग असतो.

द्रवाची निवड

सुरुवातीस रिंगर लॅक्टेटसारखे क्षारद्राव वापरतात. मोठ्या रक्तस्रावात केवळ क्षारद्राव न देता रक्तपेशी व प्लाझ्मा यांचा वापर लवकर करतात. पिष्टमय कृत्रिम द्रावांमुळे अत्यवस्थ रुग्णांत मूत्रपिंडांना अपाय होत असल्याचे दिसून आल्याने त्यांचा वापर मागे पडला. भाजलेल्या रुग्णांत क्षारद्रावाऐवजी प्लाझ्मा दिल्यास एकूण द्रव कमी लागून उदरांतर्गत दाबही कमी राहतो, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात दिसले.

विशिष्ट आजार

भाजणे : पार्कलंड सूत्रानुसार पहिल्या २४ तासांत दर किलो वजनामागे आणि भाजलेल्या प्रत्येक टक्क्यामागे ४ मिलिलिटर द्रव देतात. ६० किलो वजनाची व्यक्ती ४० टक्के भाजल्यास हे प्रमाण ९.६ लिटर होते. त्यातील निम्मा द्रव भाजल्यापासूनच्या पहिल्या ८ तासांत द्यावयाचा असतो. २४ तासांत दर किलोमागे २५० मिलिलिटर, म्हणजे याच व्यक्तीच्या बाबतीत १५ लिटर, हे प्रमाण ओलांडल्यास उदरविकाराचा धोका बराच वाढतो.

तीव्र स्वादुपिंडदाह : या आजारात भरपूर द्रव देण्याची प्रथा होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉटरफॉल या चाचणीत २४९ रुग्णांमध्ये जलद आणि मध्यम अशा दोन पद्धतींची तुलना केली गेली. द्रवाचा अतिरेक जलद गटात २०.५ टक्के, तर मध्यम गटात ६.३ टक्के रुग्णांत आढळला. जलद पद्धतीचा अपेक्षित लाभही न दिसल्याने चाचणी मुदतीपूर्वी थांबविण्यात आली.

डेंग्यू : महाराष्ट्रात पावसाळ्यात व त्यानंतर आढळणाऱ्या या तापाच्या गंभीर प्रकारात प्लाझ्मा झिरपून पोटात व छातीत पाणी साठते. गळतीचा काळ साधारण २४ ते ४८ तासांचा असतो. त्यानंतर झिरपलेला द्रव पुन्हा रक्तात परततो. त्या वेळीही द्रव चालू ठेवल्यास धोका संभवतो.

द्रव बाहेर काढणे आणि इतर उपाय

रुग्ण स्थिर झाल्यावर जादा द्रव काढण्यासाठी मूत्रल औषधे देतात, प्रसंगी त्यांच्या जोडीला अल्ब्युमिन वापरतात. मूत्रपिंडे साथ देत नसल्यास डायलिसिसद्वारे पाणी काढले जाते. हे उपाय रक्तदाब सांभाळून करावे लागतात, कारण घाईने द्रव काढल्यास अवयवांचा रक्तपुरवठा पुन्हा घटतो.

याबरोबरच नाकातून जठरात नळी घालून वायू व स्राव काढणे, पुरेशी वेदनाशामक व शामक औषधे देऊन पोटाचे स्नायू सैल ठेवणे आणि उदरात साठलेले पाणी सोनोग्राफीच्या मदतीने नळीद्वारे काढणे, हे उपाय योजतात. यांनी दाब उतरला नाही आणि अवयव निकामी होत असतील, तर शस्त्रक्रियेने पोट उघडून दाब मोकळा करतात व काही काळ ते तात्पुरत्या आवरणाखाली उघडे ठेवतात. दाब अचानक उतरल्याने रक्तदाब कोसळण्याची शक्यता असते. उघड्या पोटातून द्रव व प्रथिनेही वाहून जातात. त्यामुळे अशा रुग्णाला पुन्हा मोजून द्रव द्यावा लागतो.

लहान मुलांतील फरक

मुलांमध्ये धोक्याची पातळी प्रौढांपेक्षा कमी असते. दाब सातत्याने १० मिमी पाऱ्याच्या वर राहून अवयवाचे कार्य नव्याने बिघडल्यास मुलांत हा विकार झाल्याचे मानतात. मापनासाठी मूत्राशयात दर किलो वजनामागे १ मिलिलिटर सलाइन सोडतात. हे प्रमाण किमान ३ आणि कमाल २५ मिलिलिटर असते. प्रौढांसाठीचे आकडे मुलांना जसेच्या तसे लावल्यास निदानास उशीर होऊ शकतो.